नीट दिसलं नाही

भिंगार,
२६ डिसेंबर १९७२

गहिनीनाथ,

वर नमस्कार घातलेला नाही. विसरलो म्हणून नाही, हात झाला नाही म्हणून.

तुझा लेख वाचला. खरं तर ऐकला. आमच्या लष्करी स्टोअरमध्ये दुपारच्या चहाला हेडक्लार्क साप्ताहिक घेऊन बसले आणि म्हणाले, "सहादू, तुमच्या तालुक्यातले प्राध्यापक बघा काय सुंदर लिहितात." मी म्हटलं, आमच्या गावचेच आहेत. मग त्यांनी सगळा लेख मोठ्याने वाचला. शेवटाला आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. त्यांना वाटलं, मीही हेलावलो.

तो परदेशी सिनेमा मीसुद्धा पाहिलाय. तुमच्या फिल्म सोसायटीच्या रविवारच्या खेळाला मी मागच्या रांगेत होतो. तू पुढे उभा राहून प्रास्ताविक केलंस. युद्धाचा काळ, एका शहरातली मोठी इमारत, तिच्या अंगणात खेळणारी दोन मुलं. एका मुलाची जात तिथल्या सरकारला नको झालेली. शिपाई त्या घराची माणसं धरायला येतात, तेव्हा तो पोरगा कपाटात लपलेला असतो. दुसऱ्याला वाटतं लपंडाव चाललाय, शिपायांवर राज्य आहे. तो हसतो आणि कपाटाकडे बोट दाखवतो. दिवे लागले तेव्हा तुझा रुमाल डोळ्यांवर होता. मलाही रडू येत होतं रे, खोटं कशाला सांगू? पण तुझा रुमाल दिसला आणि माझं आटलं.

आणि आता हा लेख. "त्या निरागस बोटाला दोष कोण देणार?" असं लिहिलंयस. पुढे लिहितोस, "मलाही लहानपणी गावकुसाबाहेरचा एक जिवलग मित्र होता. लपंडावाच्या खेळात मी नकळत त्याला पकडून दिलं, आणि त्याच्या वडिलांना गावाचे दोन शब्द ऐकावे लागले. तो मित्र पुढे कुठे गेला, कोण जाणे."

कोण जाणे? तू सावेडीत राहतोस, मी भिंगारात. सायकलने अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

आणि कसला लपंडाव? तुला आठवत नसेल तर मी सांगतो. सरकारी प्रचाराची गाडी गावात आली होती. मारुतीच्या देवळापुढे दोन खांबांना पडदा बांधला होता. गाव पडद्याच्या पुढे बसलं आणि आम्हाला पडद्यामागे बसवलं. चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. माणसं डाव्या हाताने जेवायची, बैल उलट्या बाजूला जुंपलेले असायचे. त्याचं काही नव्हतं, पण मी तेव्हा नुकता वाचायला शिकलो होतो आणि पडद्यावरची अक्षरं उलटी पडत होती. तू लघवीच्या निमित्ताने मागे आलास आणि म्हणालास, "चल की, माझ्या घोंगडीत घुस. कुनाला कळतंय?" मी घुसलो. सुलट अक्षरं वाचली. धरण असा शब्द होता. मी तो आनंदाने मोठ्याने वाचला, हीच काय ती चूक.

तुझे चुलते काकासाहेब ओरडले, "कोन हाय रं घोंगडीत?"

तू घोंगडी उचललीस, बोट दाखवलंस आणि म्हणालास, "रंभा म्हाराचा सहादू."

नाव सांगितलंस, बापाचं सांगितलंस, जात सांगितलीस. नकळत बोट दाखवणारं पोर एवढा पत्ता देतं होय? माझ्या बापाने दुसऱ्या दिवशी मारुतीपुढच्या धुळीत नाक घासलं, सगळ्या गावादेखत. त्याला तू "दोन शब्द" म्हणतोस. आपण नऊ वर्षांचे होतो आणि आपल्याला सगळं कळत होतं. तुला कळत होतं म्हणूनच तू मला घोंगडीत लपवलंस. कळत नसतं तर शेजारी बसवलं असतंस. निरागस राहायला आधी तशी सोय लागते, गहिन्या. ती आपल्या गावात कुणाच्याच पोराला नव्हती.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. तेवीस वर्षं गप्प होतोच. पण तू असला लेख लिहिलास तो दिवाळीहून परत आल्यावर, आणि दिवाळीत गावात काय झालं ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस.

दुष्काळाने जनावरं पटापट मरताहेत. मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांनी बौद्ध झाल्यापासून सोडलंय. काकासाहेबांनी चावडीवर सांगितलं, ओढा, नाहीतर गाव बंद. वस्तीने नाही म्हटलं. मग दुकान बंद, गिरणी बंद, शेतातलं काम बंद. आमचा आड तर आधीच कोरडा. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओततात, तेही बंद. पाडव्याच्या सकाळी माझी आई, साळूबाई, हंडा घेऊन त्या विहिरीवर गेली. काकासाहेबांनी तिच्या हातातला हंडा हिसकला आणि तिला दगडी काठावर ढकललं. उजवा हात मनगटापाशी मोडला. तू विहिरीच्या कट्ट्यावर उभा होतास. नवा सदरा घालून. आईने तुला हाक मारली होती, "गहिनी, बघ रं हे."

फिर्यादीत आईने तुझं नाव साक्षीदार म्हणून सांगितलंय. आमच्या वस्तीचे लोक साक्ष देतील, पण वकील म्हणतात, फिर्यादीच्या भावकीची साक्ष कोर्ट किती धरील कोण जाणे. गावचा एक तरी माणूस उभा राहिला तर खटला टिकेल. खटला पडला तर काकासाहेबांना मोकळं रान आणि वस्तीला गाव सोडावं लागेल. म्हणून विचारतो. जे पाहिलंस ते कोर्टात सांगशील का?

सहादू


भिंगार,
१७ जानेवारी १९७३

सन्माननीय प्राध्यापक महोदय,

आपलं कृपापत्र पोचलं. आपल्याला वेळ काढून चार पानं लिहावीशी वाटली, हे आम्हा कारकुनाचं भाग्य.

आपण लिहिता, कलेकडे कला म्हणून पाहावं, तिच्यात गावचं राजकारण आणू नये. बरं. आपण लिहिता, लेखात थोडं इकडचं तिकडे करावं लागतं, वाचकाला रुचेल असं. तेही बरं. माझ्या बापाचं नाक वाचकाला रुचलं नसतं, हे मला पटतं.

आणि आपण मला सोसायटीत बोलायला बोलावता! विषय काय, तर "बालपणीची मैत्री". लेखातला तो मित्र खरोखरच व्यासपीठावर आला तर सभासदांना फार आवडेल म्हणे. म्हणजे कपाटातून काढलेला पोरगा आता हार घालून खुर्चीवर बसवायचा. शाल पण देणार का?

जाऊ दे, हे आपण-बिपण मला जमत नाही.

गहिन्या, खटल्याबद्दल तू चार ओळी लिहिल्यास. काकासाहेब सख्खे चुलते, जमीन अजून एकत्र, आई त्यांच्याच दारात राहते, सगळा विचार करावा लागतो. हे मला कळतं. तुला भीती वाटते, हे मी समजू शकतो. मलाही वाटते. पण भीती वाटते असं सरळ लिही ना. "दोन्ही बाजूंच्या भावना" कसल्या लिहितोस? एका बाजूचा हात मोडलाय.

कॉलेजात असताना रविवारी तुझी खाणावळ बंद असायची आणि तू माझ्या खोलीवर यायचास. गावाहून आईने पाठवलेल्या भाकरी आपण एका ताटात खायचो. माझ्या माठातलं पाणी तू तोंड लावून प्यायचास आणि म्हणायचास, "सहादू, मी जात मानत नाही." भिंगारातल्या आमच्या चाळीत तुझं किती कौतुक होतं! मलाही वाटलं होतं की घोंगडीचं मिटलं. म्हणून कधी विषय काढला नाही. आणि भाकरी कुणाच्या हाताची, हे दर वेळी कौतुकाने विचारायचास, आठवतं? त्याच हाताला आता प्लास्टर आहे. भाकरी थापणं सोड, तिला लुगड्याची गाठ मारता येत नाही.

व्याख्यानाला येणार नाही. साक्षीचं काय ते कळव.

सहादू


भिंगार,
१९ फेब्रुवारी १९७३

गहिनीनाथ,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काल गावी जाऊन आलो, ते तुला सांगतो. हवं तर लेखात घाल.

एस.टी.तून पाण्याचे दोन डबे नेले. कंडक्टर म्हणाला, नगरलाच पाणी कमी, आणि तू नगरातून नेतोयस? तिसगावला उतरून पुढे बैलगाडी मिळेना, गाववाले घेत नाहीत. डबे खांद्यावर. वस्तीतली माणसं आता शेजारच्या गावाच्या पाझर तलावातून पाणी आणतात. खडी फोडायच्या कामावर मुकादम आमच्या लोकांना हजेरीला उभं करत नाही. दोन घरं मुंबईला गेली. बाप म्हणतो, "आमी न्हाई हालनार." पण तो खोकत खोकत म्हणतो.

तुमचा ढवळा बैल मेला. तीन दिवस गोठ्याबाहेर पडून होता. शेवटी काकासाहेबांनी ट्रॅक्टर मागवला आणि दोर बांधून ओढून नेला. ट्रॅक्टरने झालंच ना काम? मग आमचेच खांदे कशाला हवे होते?

परतताना तुझी आई भेटली. आक्काबाई नेहमीसारखीच, पदर कपाळापर्यंत, आवाज शिवारभर. माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. ती काही बदललेली नाही, अजून माझी सावली चुकवते. मला राग येतो, पण ती निदान लपवत नाही. लांबूनच ओरडली, "सहादू, साळूचा हात बसला का?" म्हटलं, वाकडा बसला.

"माझा गहिनी काय म्हनतोय? कोर्टात बोलनार हाय ना?"

म्हटलं, तुम्हीच विचारा.

"इचारायचं काय त्येला? त्यो खरं बोलंल. लहानपनापासून बघते. कुनी इचारलं की लगीच सांगायचा."

तिला घोंगडीची गोष्ट अशीच लक्षात असेल, पोरगं खरं बोललं अशी. एस.टी.त बसल्यावर मला हसू यायला लागलं, मग कितीतरी वेळ शिव्याच तोंडात येत राहिल्या. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

सहादू


भिंगार,
५ एप्रिल १९७३

गहिनीनाथ,

तुझं कार्ड मिळालं. एवढंच लिहिलंयस, "समन्स आले. सोमवारी येतो."

मी ते आईला वाचून दाखवलं. ती चार दिवसांपूर्वीच इथे आलीय, कोर्टासाठी. म्हणाली, "बघ, मी म्हनत हुते." बापाला निरोप धाडला. वस्तीत त्या दिवशी म्हणे पोरांनी उड्या मारल्या. तुझं नाव घेऊन.

तुला कडू लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण येतोयस हे चांगलं करतोयस. सोमवारी अकराला मी कोर्टाच्या फाटकापाशी उभा राहीन. घाबरायला झालं तर माझ्याकडे बघ. वकील विचारतील तेवढंच सांग: हंडा कुणी हिसकला, कुणी ढकललं. दोन वाक्यांचं काम आहे.

सहादू


भिंगार,
११ एप्रिल १९७३, सकाळ

गहिनीनाथ,

हे पत्र आमच्या चाळीतल्या मच्छिंद्रच्या हाती सायकलवरून पाठवतोय. त्याच्यासमोरच वाच.

परवा तू पिंजऱ्यात उभा राहिलास. इस्त्रीचा सदरा, चष्मा. शपथ घेतलीस. आमच्या बाजूच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही पाडव्याला विहिरीवर होता का? होतो. साळूबाई आली होती का? आली असावी. तिला कुणी ढकललं? आणि तू खाली बघून म्हणालास, "गर्दी होती. मला नीट दिसलं नाही."

तू कट्ट्यावर उभा होतास. गावात त्याहून उंच जागा फक्त देवळाची आहे.

वकिलांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा म्हणालास, माझं लक्ष नव्हतं, नेमकं काय झालं मला कल्पना नाही. काय सुरेख बोललास! आवाजही कापला थोडा. आठवलं मला. ज्याला काही कळत नाही असं ते पोर, अंगणात उभं, मोठे डोळे करून. बत्तीस वर्षांचा बाप्या झालास, दोन लेकरं झाली, चार भिंती पुस्तकं झाली, आणि कोर्टात तू पुन्हा नऊ वर्षांचा व्हायला बघितलंस. त्या सिनेमातून एवढंच शिकलास तू, की कळत नाही म्हटलं की लोक रडतात, दोष देत नाहीत. माझी आई बाकावर बसली होती. ती रडली नाही. तिने वाकडा हात पदराखाली घेतला.

आणि मग मागून आवाज आला. "मला दिसलं की. मी व्हते तिथं. मला इचारा."

आक्काबाई. तुझी आई. तूच तिला गावाहून आणली होतीस, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला. कोर्ट बघायला म्हणून मागे बसवलीस. शिपाई धावला, साहेबांनी टेबल वाजवलं, "बाई, खाली बसा." ती म्हणाली, "बसते. पर ह्यो माझा ल्योक हाय, आन् ह्यो लबाड बोलतोय." आमच्या वकिलांनी तिथल्या तिथे अर्ज दिला. साहेबांनी काल तिची साक्ष घेतली.

तुला हे ठाऊक नसेल, कारण परवाच तू स्कूटर चालू केलीस आणि तिला फाटकात सोडून निघून गेलास. ती तशीच उभी होती. माझ्या आईने डाव्या हाताने तिचा हात धरला नाही, कारण तिला चालणार नाही हे आईला माहीत आहे. फक्त म्हणाली, "चल." आक्काबाई आमच्या मागे चार हात लांबून चालत भिंगारात आली.

काल पिंजऱ्यात ती काकासाहेबांकडे बोट करून बोलली. माझ्या दिराने हंडा हिसकला, दिरानेच ढकललं, माझा पोरगा कट्ट्यावरून बघत होता. समोरच्या वकिलाने विचारलं, या लोकांशी तुमचा घरोबा आहे का? ती म्हणाली, "कसला घरोबा? मी त्येंच्या हातचं पानी बी घेत न्हाई." सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि लिहून घेतलं. आमचे वकील म्हणाले, यापुढे विचारायला काही उरलं नाही. निकाल काय लागेल ते माहीत नाही. पण खटला आता पडायचा नाही.

तिचा गावचा रस्ता मात्र बंद झाला. काकासाहेबांनी निरोप धाडलाय, घराला कुलूप लावलंय म्हणून. तुझ्या दारी ती येणार नाही म्हणते. परवापासून माझ्या ओट्यावर बसली आहे. आत येत नाही. नगरात स्वतः विकत घेतलेले फुटाणे खाते. आणि ती कोर्टात बोलली ते अक्षरशः खरं आहे, ती आमच्या हातचं पाणी घेत नाही. परवा आणि काल सकाळी चाळीच्या नळावर स्वतः जाऊन आपल्या तांब्यात धरून प्यायली. आधी नळ धुतला. माझ्या बायकोला संताप आला. मलाही आला, अजून आहे. आमच्यासाठी दिराला तुरुंगात घालायला निघालेली बाई आमचा माठ चालवून घेत नाही! सांग, या रागाचं मी काय करू? तुझ्यावरचा राग सोपा आहे.

तू माझ्या माठाला तोंड लावून प्यायलास, माझ्या ताटात जेवलास, आणि तुला नीट दिसलं नाही. तिने माझा उंबरा ओलांडला नाही, आणि तिला सगळं दिसलं. मला माझ्या जन्मात कुणी तुमच्यातला एक निवडायला सांगितला असता तर मी तुला निवडला असता. कालपर्यंत.

आज पहाटेपासून नळाला पाणी नाही. टँकर कधी येईल कुणाला ठाऊक नाही. सगळी चाळ आमच्याच लोकांची, म्हणजे इथल्या कुठल्याच घरचं ती घेणार नाही. ऊन चढायला लागलंय. तिचे ओठ सुकलेत, जीभ फिरवत बसलीय. बायको म्हणाली, माठातलं पाणी गुपचूप तिच्या तांब्यात ओतू आणि नळाला आलं होतं म्हणून सांगू. मीही तयार झालो होतो.

आई नको म्हणाली. "ती आपल्यासाठी खरं बोलली. आपन तिच्याशी खोटं न्हाई बोलायचं."

म्हणून हे लिहिलं. तुझ्या घरी नळ आहे, विहीर आहे. मच्छिंद्र समोर उभा असेल, पण पाणी त्याच्या हाती देऊ नकोस, ते ती घेणार नाही. तूच भर, तूच घेऊन ये, दिवसाढवळ्या, चाळीच्या पुढच्या बाजूने. तुझी आई तहानलेली आहे.

सहादू